अर्ध्या कागदावरचा इसिडोर

"कागद दाखव, पण हातातून सोडू नको गो. मोठ्या घरची माणसं मागतात तवा लय गोड मागतात."

सेराफिना मावशीनं हे बजावलं तेव्हा जॅकलिन बाळीच्या तोंडात बोट घालून बघत होती. पोरगी काहीतरी चघळत होती आणि ते डांबरगोळीसारखं पांढरं दिसत होतं. बाहेर निघाला खोबऱ्याचा तुकडा. जॅकलिनच्या जिवात जीव आला, आणि त्या नादात मावशीचं बोलणं कानाआड झालं. "हो गं मावशी," असं काहीतरी ती म्हणाली असेल. म्हातारी माणसं बोलतात, आपण हो म्हणायचं, संपलं.

मरोळच्या गावठाणातलं हे घर मावशीचं. जॅकलिनचा नवरा इयान जहाजावर कामाला. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. मावशी त्याच्या आईची थोरली बहीण, लग्न न केलेली, ऐंशी ओलांडलेली, मोतीबिंदू काढल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकाच्या शर्टाची बटणं मोजणारी. बाळंतपणानंतर जॅकलिन तिच्याकडे राहायला आली ती राहिलीच. आणि बाळी रांगायला लागल्यापासून त्या घरातली प्रत्येक वस्तू जॅकलिनच्या अंगावर यायला लागली. टेबलाचे कोपरे, पलंगाखालचे खिळे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पलंगाखालची ती ट्रंक. डांबरगोळ्यांनी भरलेली. त्या गोळ्यांखाली मावशीच्या आज्याचे, इसिडोरचे कागद.

इसिडोर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गल्लीत राहायचा. त्याचा बाप चर्चमधल्या मूर्ती रंगवणारा. इसिडोर मात्र शहरातल्या कलाशाळेत काही वर्षं शिकला आणि माणसांची चित्रं काढायला लागला. गिरगावातल्या रावबहादूर नाथाजींनी त्याला हाताशी धरलं, घरातल्या बाईसाहेबांचं मोठं तैलचित्र काढायला सांगितलं. त्या चित्राच्या काळातली दोघांची पत्रं म्हणजे ते कागद.

पत्रांची गंमत अशी, की दोघांची पत्रं एकाच कागदावर होती. त्या काळी मोठ्या माणसाला लिहिताना कागदाला उभी घडी घालायची, उजव्या अर्ध्यावर आपलं म्हणणं लिहायचं आणि डावा अर्धा कोरा सोडायचा. मोठा माणूस त्या कोऱ्या जागेत उत्तर लिहायचा आणि तोच कागद परत धाडायचा. उजवीकडे इसिडोर, पाद्रीबाबांच्या शाळेत गिरवलेल्या गोल बाळबोध अक्षरात. डावीकडे रावबहादूर, धावत्या मोडीत. मोडी घरात कुणालाच येत नव्हती. त्यामुळे तीन पिढ्यांना आपल्या माणसानं काय विचारलं ते पाठ होतं, आणि त्याला काय उत्तर आलं ते ठाऊक नव्हतं.

जॅकलिननं बीए इतिहास घेऊन केलेलं. एका दुपारी बाळी झोपलेली असताना तिनं एका कागदाचा फोटो कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो कुणाला तरी पाठवला, आणि आठवड्याभरात मृणालिनी दारात उभी. जुहूच्या नाथाजी कला प्रतिष्ठानात ती कामाला होती. प्रतिष्ठान रावबहादूरांच्याच वंशजांचं. चित्रकार आणि आश्रयदाते यांच्या खाजगी पत्रांचं प्रदर्शन भरवायचं चाललं होतं. मुलगी बोलायला साधी होती, चपला बाहेर काढून आली, आणि मुख्य म्हणजे तिला मोडी वाचता येत होती.

त्या दुपारी चटईवर बसून दोघींनी ते कागद वाचले. उजवा अर्धा मावशीनं, डावा मृणालिनीनं.

"'बाईसाहेब बैठकीत पदर सारखा सावरितात,'" मावशीनं चष्मा नाकावर ढकलत वाचलं. "'पदर हलतो तशी सावली हलते आणि माझा दिवस फुकट जातो.'"

मृणालिनीनं कागद जरा आपल्याकडे वळवला. "'बाईसाहेबांस समज दिली. त्या म्हणतात, चित्रकाराने सावलीस समज द्यावी.'"

मावशी इतकी हसली की बाळी दचकून उठली.

"अगो, बाईच मस्त होती की! म्होरं वाच."

"'निळा संपला आहे. बाजारातला निळा वाळला म्हणजे मेल्या मांदेलीसारखा दिसतो.'"

"'विलायती निळा धाडला आहे. मासळी जिवंत ठेवावी.'"

मग प्लेगचं साल आलं. गावात उंदीर पडू लागलेत, असं इसिडोरनं लिहिलं होतं. त्यावर रावबहादूरांनी लिहिलं होतं की कुटुंबासह आमच्या बागेतल्या खोलीत येऊन राहावं, रंगांची पेटी तेवढी विसरू नये. जॅकलिनला तो माणूस आवडला. मांडीवर बाळी, समोर दोन बायका, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचे दोन पुरुष त्यांच्या तोंडून भांडतायत, चेष्टा करतायत. तिला वाटलं, हे डांबरगोळ्यांखाली कुजत ठेवण्यासारखं नाहीच.

शेवटच्या कागदावर मात्र मावशीनं तळहात ठेवला.

"ह्यो नको."

"का मावशी? उत्तर मोठं आहे," मृणालिनी म्हणाली.

"म्होरं काय झालं त्ये माज्या बापानं सांगितलंय. चित्र पुरं झालं तवा रावबहादराला त्ये प्रदर्शनात धाडायचं होतं. पण नाव लावायचं होतं पोराचं, आपल्या चिरंजीवाचं. त्यो हौशी, चार महिने रंग कालवायला शिकलेला. आज्यानं नाय म्हणून लिवलं. चित्र परत आलं नाय, नाव बी आलं नाय. त्यानंतर आज्यानं माणसाचं चित्र काढलं नाय. मरेतोवर मूर्तीच रंगवल्या. अजून काय वाचायचं?"

कागदावर घडीच्या बरोबर मध्ये शेंदरी रंगाचा एक डाग होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मृणालिनीनं त्यावरून नुसती नजर फिरवली.

पुढच्याच आठवड्यात बाळीच्या मुठीत खरीखुरी डांबरगोळी सापडली. तोंडात गेली नव्हती, पण जॅकलिननं त्याच संध्याकाळी ट्रंक रिकामी केली. तिनं मृणालिनीला फोन केला. प्रतिष्ठान कागद स्वच्छ करून देणार होतं, कसर लागणार नाही असं करून देणार होतं, प्रदर्शनात लावून परत देणार होतं. जॅकलिननं पावतीवर सही केली आणि रिकामी ट्रंक भंगारवाल्याला दिली. मावशी दारात बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

मग एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रदर्शनाची जाहिरात आली. कॉलेजच्याच ग्रुपवर, कुणीतरी कौतुकानं टाकलेली. मधोमध एक जुना कागद, मोडी अक्षर, आणि खाली छापील मराठीत त्याचा अर्थ: 'आपले म्हणणे मान्य. आपल्या मनास येईल तसे करावे. आम्ही कलावंतांस अडवीत नाही.' त्याखाली ठळक: 'कलावंताच्या स्वातंत्र्याचा आदर करणारा आश्रयदाता.'

छान होतं. दोनशे लोकांनी बदाम टाकले होते. जॅकलिननंही टाकला असता, पण तिची नजर कागदाच्या उजव्या कडेला गेली. तिथं शेंदरी डाग होता. अर्धाच. कड सरळ, आणि डाग त्या कडेशी येऊन थांबलेला.

तिनं बाळीला पाळण्यात टाकलं आणि फोन लावला.

"मृणालिनी, कागद कापला तुम्ही?"

"नाही, नाही. तो फोटो कापलाय. कागद अजून आहे तसाच आहे."

"अजून म्हणजे?"

मग मृणालिनी हळू आवाजात म्हणाली, "घडीवर तो तुटतच आलाय ना. आमच्या प्रमुखांचं, जयवंतसरांचं म्हणणं, दोन भाग वेगळे करून घ्यावेत. रावबहादूरांचा भाग फ्रेममध्ये लावायचा. तुमचा भाग तुम्हाला परत, नीट पाकिटात वगैरे. आज दुपारी कापणारा माणूस येणार आहे."

"सगळे कागद?"

"सगळे."

"आणि तुला हे बरं वाटतं?"

"मला कोण विचारतंय, जॅकलिन."

इयानचा फोन त्याच वेळी आला, कुठल्यातरी बंदरातून, मागे यंत्रांची घरघर. सगळं ऐकून तो म्हणाला, "सोड ना यार. कागदच आहेत. तू आधीच टेन्शन घेऊन घेऊन वाळलीयेस."

"तुझ्या पणजोबाचे आहेत, माझ्या नाही. लाज वाटू दे जरा."

"मग काय करणार तू एकटी? पोरीला घेऊन?"

"एकटी कशाला? मावशी आहे ना."

मावशीला सांगायला ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिला वाटलं होतं, आता ऐकायला मिळणार. मावशीनं गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "जुहूला रिक्षा किती वेळात जाते?"

"मावशी, मी तुझं ऐकायला हवं होतं."

"त्ये मागनं बोलू. म्हातारीचे टोमणे काय पळून नाय जात. कपाटातनं माजं लाल लुगडं काढ."

"लुगडं? आपण लग्नाला नाही चाललोय."

"मोठ्या घरी चाललोय ना? मग त्यांना कळू दे कोण आलंय."

*

प्रतिष्ठानचा बंगला समुद्रापासून दोन गल्ल्या आत. आत शिरल्या शिरल्या जॅकलिनच्या नजरेनं नेहमीचं काम केलं: काचेचं टेबल, धारदार कोपरे, उंच फुलदाणी, पडू शकते, जिन्याला कठडा नाही. आणि मग दालनाच्या टोकाशी एक लांब टेबल, त्यावर पांढरा कपडा, कपड्यावर इसिडोरचे कागद. त्यांच्या शेजारी पोलादी पट्टी आणि कटर. कापणारा माणूस अजून यायचा होता. हत्यारं मात्र लवकर आली होती.

जयवंत नाथाजी स्वतः पुढे आले. साठीचे, खादीचं जाकीट, आवाज साखरेत घोळलेला.

"या, या. अरे वा, बाळही आलंय! मृणालिनी, चहा सांग. आणि आजींना खुर्ची."

"आजी तुमची नाय," मावशी म्हणाली. "मी सेराफिना. इसिडोरची नात."

"मग तर दुहेरी आनंद. तुमच्या आजोबांचं आमच्या घराशी किती जुनं नातं."

"व्हय तर. सव्वाशे वर्सं बोलणं बंद हाय."

जयवंतराव हसले. हसताना त्यांनी घड्याळ बघितलं, हे जॅकलिननं बघितलं.

"साहेब, आम्ही कागद न्यायला आलोय," ती म्हणाली. आवाज कापतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं बाळीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "कापायच्या आधी."

"अहो, कापणं कसलं. जतन. घडीवर कागद तुटतोच आहे. आम्ही नाही केलं तरी आपोआप दोन तुकडे होतील."

"मग होऊ दे आपोआप. तुम्ही कशाला एवढी मेहनत घेता?"

"ताई, भावनेच्या भरात असं..."

"भावना नाही. डावीकडे लिहिलंय, 'आपले म्हणणे मान्य'. म्हणणं काय होतं ते उजवीकडे आहे. तेच तुम्ही काढून टाकताय. मग मान्य काय केलं, हे लोकांना कसं कळणार?"

"इसिडोरजींना आम्ही विसरलेलो नाही. त्यांच्यासाठी वेगळा फलक आहे." त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथं खरंच एक फलक होता, दाराच्या मागे, फायरवाल्या लाल सिलेंडरच्या शेजारी. मथळा होता, 'स्थानिक कारागीर'.

मावशीनं तो मोठ्यानं वाचला. दोन्ही शब्द सावकाश.

"कारागीर? मग तुमचा पणजा कोण? ब्रश धुणारा?"

दारातला वॉचमन खोकला. त्याला हसू आलं होतं.

जयवंतरावांच्या आवाजातली साखर जरा विरघळली. "हे बघा, सही तुमच्या सूनबाईंनी केलीय. 'जतनासाठी आवश्यक ती प्रक्रिया.' मृणालिनी, पावती दाखव."

"सही माझीच आहे," जॅकलिन म्हणाली. "जतन करायला दिले. अर्धं करण्याला तुम्ही जतन म्हणत असाल तर माझी पोरगी मी तुमच्याकडे दोन मिनिटं पण सांभाळायला ठेवणार नाही."

नाव निघाल्यासारखी बाळी रडायला लागली. भुकेची वेळ झाली होती. जॅकलिननं इकडेतिकडे बघितलं. एरवी तिनं आडोसा शोधला असता. मॉलमधल्या कपडे बदलायच्या खोलीत, हॉस्पिटलच्या जिन्याखाली, कुठेकुठे भिंतीकडे तोंड करून तिनं या पोरीला पाजलं होतं. आज तिनं दालनाच्या मधोमध, मुख्य भिंतीखाली, दुपटं पसरलं आणि मांडी घालून बसली.

"अहो, इथे नको. आत खोली आहे," जयवंतराव म्हणाले.

"कागद द्या, उठते."

वॉचमन पुढे आला, दोन पावलांवर थांबला आणि मागे फिरला. पाजणाऱ्या बाईला हात लावून उठवायचं कसं, हे त्याला कुठल्याच ड्युटीत शिकवलं नव्हतं.

"मॅडम, खुर्ची देऊ?"

"खुर्ची नको, भाऊ. कागद द्या."

जॅकलिनच्या मनात एकामागून एक भीती: पोलीस बोलावतील, कुणी फोटो काढील, इयानच्या कंपनीपर्यंत जाईल, पोरीला या एसीत सर्दी होईल. पण एक गोष्ट तिला मांडी घातल्यावर पहिल्यांदा कळली. आपण उठेपर्यंत तो कापणारा माणूस आला तरी सगळ्यांसमोर कागदाला पट्टी लावणार नाही. बसून राहणं एवढंच काम होतं. आणि बसून राहायचा सराव तिच्याइतका त्या दालनात कुणालाच नव्हता.

मावशी गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसली. लाल लुगडं फरशीवर पसरलं. आणि मग तिनं मान वर करून भिंतीवरचं ते बाईसाहेबांचं चित्र पहिल्यांदा बघितलं.

बाईसाहेब गालिच्यावर बसलेल्या. निळी पैठणी, तो निळा खरंच जिवंत होता. पदर एका हातानं धरलेला, जणू आता सावरणार. एक पाय दुमडून पुढे आलेला, तळवा दिसतोय, तळव्याला मेंदी. उजव्या कोपऱ्यात ठसठशीत सही, चिरंजीव नाथाजींची. खालच्या पितळी पट्टीवरही तेच नाव.

मावशी बाईसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती.

"जॅकलिन," ती म्हणाली, "तळवा बघ."

"काय?"

"मूर्ती रंगवणारे नाव कुठं घालतात ठाऊक हाय? संताच्या तळव्याला. खाली. पाद्रीबाबाला दिसत नाय, लोकांना दिसत नाय. सणाच्या मिरवणुकीत मूर्ती खांद्यावर उचलली की उचलणाऱ्यांना तेवढं दिसतं. माज्या पणज्याचं नाव अजून हाय आपल्या चर्चातल्या सेबास्तियनच्या पायाखाली. माज्या भावानं खांदा दिला तवा बघितलंय."

जॅकलिननं बाळीला खांद्यावर घेतलं आणि तशीच सरकत पुढे गेली. चित्राची खालची चौकट तिच्या डोळ्यांच्या रेषेत होती. उभ्या माणसाला चेहरा दिसे, पदर दिसे. खाली बसलेल्याला बाईसाहेबांचा तळवा थेट समोर. मेंदीच्या वेलीत पानं होती, कळ्या होत्या, आणि वेल जिथं टाचेकडे वळत होती तिथं पानांना वेलांटी होती. पानांना वेलांटी कशाला असेल? इ. मग सि. मग डो, मात्रा अगदी काट्यासारखी. मग र, देठ होऊन वेलीत मिसळलेला.

तेच गोल बाळबोध अक्षर. तिनं ते झोपेतही ओळखलं असतं.

"'माझे नाव चित्रात आहे,'" मावशी म्हणाली. ती वाचत नव्हती. शेवटच्या कागदाचा उजवा अर्धा तिला लहानपणापासून पाठ होता. सणाला जेवणं झाली की तिचा बाप तो म्हणून दाखवायचा. "'माझे नाव चित्रात आहे. ते मी खोडणार नाही. आपणांस खोडवत असेल तर शोधून खोडावे. चिरंजीवांचे नाव वर घालणे असल्यास यापुढे माझा हात आपल्या कामास लागणार नाही, व माझा कागद आपणांकडे येणार नाही.'"

मग मृणालिनी चपला काढून फरशीवर उकिडवी बसली. तिनं फोनचा कॅमेरा तळव्यावर धरला आणि मोठा करून बघितला. तिचे ओठ अक्षरांबरोबर हलले.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही एकदा खाली बसून बघा."

"मेंदीची नक्षी आहे ती," जयवंतराव उभ्यानंच म्हणाले. "नक्षीत माणसाला हवं ते दिसतं. ढगात हत्ती दिसतो तसं."

"सर, एकदाच."

जयवंतराव वाकले नाहीत. जाकिटाचं खालचं बटण मात्र त्यांनी उगाच लावलं आणि काढलं. जॅकलिनला त्या क्षणी समजलं की त्यांना दिसतंय. उभ्यानंसुद्धा दिसतंय.

"दोन्ही अर्धे लावा," ती म्हणाली. आवाज आता कापत नव्हता. "घडीसकट, डागासकट. खाली अर्थ छापा, दोघांचा. नाहीतर एकही लावू नका."

"प्रतिष्ठानला अटी घालता?"

"अट नाही. आमची वस्तू आहे."

"मग एकही नाही," ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं ती मऊ पडेल. एवढं मोठं प्रदर्शन, इसिडोरचं नाव फलकावर, फोटो, पेपरात बातमी. दाराच्या मागे का होईना.

"झकास," जॅकलिन म्हणाली. "मृणालिनी, कागद."

"मृणालिनी, थांब."

"सर, मालकानं मागितले तर त्याच दिवशी परत, असं पावतीत खाली आहे. मीच टाइप केलीय." तिनं कागद एकेक करून पांढऱ्या कपड्यात गुंडाळले. कागदाची एकही घडी तिनं मोडली नाही. बांधलेलं गाठोडं तिनं मावशीच्या लुगड्याच्या ओच्यात ठेवलं, नारळ ओटीत घालावा तसं.

उठताना मावशीनं जयवंतरावांकडे बघितलं. "तुमचा खापरपणजा वाईट नव्हता. प्लेगात आमच्या माणसांना आसरा दिला त्यानं. पण पोराच्या बाबतीत आंधळा झाला. होतात माणसं. तुम्ही कोणासाठी आंधळे होताय?"

तेवढ्यात चहा आला. तो कुणी घेतला नाही, वॉचमन सोडून.

*

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हात, दोघी दारात बसल्या. मावशीनं शेवटच्या कागदाचा उजवा अर्धा म्हटला. जॅकलिननं फोनमधल्या जाहिरातीवरून डावा वाचला: आपले म्हणणे मान्य, आपल्या मनास येईल तसे करावे, आम्ही कलावंतांस अडवीत नाही.

मावशीनं कागद अलगद घडीवर मिटला.

"म्हणजे, चालता हो," ती म्हणाली. "मोठ्या घरची माणसं. हाकलतात ती बी गोड."

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. पत्रं दुसऱ्यांची लागली. चित्र तिथंच, पितळी पट्टी तीच. जॅकलिननं गावठाणाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं तेव्हा पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर गल्लीतली बारा-पंधरा माणसं जुहूला गेली आणि चित्रासमोर मांडी घालून बसली. त्यातल्या दोघांनी येशूच्या, एकानं क्रिकेटच्या गप्पा मारल्या. पण बसली सगळी. पुढच्या रविवारी तिथं पाटी लागली: 'कृपया जमिनीवर बसू नये.' माणसं पाटीच्या शेजारी बसली.

मग मृणालिनीचा फोन आला. तिनं ती नोकरी सोडली होती, दुसरी अजून मिळाली नव्हती. चित्र साफ करायला पाठवणार आहेत, असं ती म्हणाली. जुनं वार्निश काढायचं, रंग उजळायचे. निघण्याआधी तिनं बघितलेल्या कामाच्या कागदावर सर्वात वर लिहिलंय: खालचा भाग, पाय.

कधी, ते तिला माहीत नव्हतं.

जॅकलिन रोज जाऊ शकत नाही. बाळीला दात येतायत, ताप येतो, मावशीचे गुडघे रिक्षात चढत नाहीत, आणि इयान अजून पाण्यावर आहे. ती काळजी करणारी बाई आहे. रात्री पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. आता तिच्या काळजीत आणखी एक माणूस वाढलाय, सव्वाशे वर्षांपूर्वीचा, एका बाईच्या तळव्यात दडून बसलेला. आपण शोधून खोडावे, असं तो म्हणाला होता, कारण शोधायला त्यांना खाली वाकावं लागेल आणि वाकायचं ते नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आता त्यांना जागा कळलीय. ती जागा आपण दाखवली, हे जॅकलिनला झोपू देत नाही. पण दाखवली नसती तर तो आणखी शंभर वर्षं कुणालाच दिसला नसता. त्यामुळे ती माफी मागत नाही. ती माणसं मागते.

म्हणून ती गावठाणाला सांगते, कॉलेजच्या ग्रुपला सांगते, पोलिओचा डोस द्यायला येणाऱ्या ताईला सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगतेय. जुहूला चौपाटीवर जाल, पोरांना पाणीपुरी खाऊ घालाल, तेव्हा पाच मिनिटं त्या बंगल्यात जा. तिकीट नाही. पितळी पट्टी वाचू नका. पाटीकडे बघू नका. सरळ चित्रासमोर फरशीवर मांडी घाला आणि बाईसाहेबांच्या तळव्याकडे बघा, वेल टाचेकडे वळते तिथं.

इसिडोर अजून आहे का, तेवढं बघून या.